सहीपुरती शहाणी

शेखरची जीप भरे गावात तुळजाबाईच्या अंगणात येऊन थांबली, तेव्हा गोजराबाई डोक्याला फेटा गुंडाळून आणि नाकाखाली मिशी चिकटवून उभी होती. आता बघा नशीब! जो सख्खा भाऊ पाच वर्षांत एकदा फिरकला नाही, त्यानं यावं तर नेमकं ह्याच घडीला. त्यानं जीपमधूनच तिच्याकडं बघितलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "बघितलंस? म्हनलं न्हवतं तुला?"

गोजराबाईला ते लख्ख ऐकू आलं. एकदा का माणसाला येडं ठरवलं की ते बहिरंही झालं असं लोकांना का वाटतं, देव जाणे. तिनं मिशी तशीच ठेवली. मुद्दामच ठेवली.

"ये शेखर," ती म्हणाली. "च्या घेतूस?"

अंगणात तालीम चालली होती. तुळजाबाई भऱ्यातल्या जुन्या खात्यापित्या घरची. आसपास कंपन्या आल्या तशा तिनं परड्यात ओळीनं खोल्या बांधल्या आणि कामगारांना भाड्यानं दिल्या. त्यातली टोकाची खोली गोजराबाईची. सकाळी ती पिरंगुटकडच्या एका कंपनीच्या कँटीनात चपात्या लाटायची, आणि संध्याकाळी ह्या अंगणात शाबूत कलापथकाची तालीम असायची. तुळजाबाईला पहिल्यांदा हा प्रकार बिलकुल पसंत नव्हता. "माज्या दारात येड्यांचा बाजार नको," असं तिनं तोंडावर सुनावलं होतं. मग एकदा तालीम बघताना ती हसून हसून पायरीवरनं घसरली, आणि त्या दिवसापासून पथकाचा चहा तिच्या चुलीवरचा.

पथकात माणसं चारच, पण एकेक नग होता. मेधाताई पुण्याची, बँकेत चांगल्या हुद्द्यावर होती. दोन महिने इस्पितळात काढून परत गेली तर बँकेनं तिला टेबल दिलं, खुर्ची दिली आणि काम मात्र दिलं नाही. पाच महिने रिकाम्या टेबलावर बसल्यावर तिनं राजीनामा फेकला आणि भऱ्यात येऊन खोली घेतली. दयानंद लेथ मशिनवरचा कसबी कामगार. गोळ्यांनी हाताला कापरं भरलं म्हणून कंपनीनं काढला, आता ढोलकी वाजवायचा. ढोलकीवर ते कापरं कुणाला कळत नसे. आणि कुशाबा! नेरे गावचा म्हातारा. पोरांनी त्याला दोन उन्हाळे गोठ्यात बैलाशेजारी दाव्याला बांधून ठेवलं होतं. तो म्हणायचा, "बैलाला निदान पेंड तरी वेळंवर मिळायची."

जो तो ह्या चौघांना एकच प्रश्न विचारायचा, डोकं शाबूत हाय का? म्हणून मेधाताईनं पथकाचं नावच शाबूत ठेवलं. घ्या, एकदाच उत्तर.

त्यांच्या खेळाचा एक नेम होता, आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. पथकातल्या कुणीही येड्याचं सोंग घ्यायचं नाही. भारुडात, वगात येडं आलं की काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. केस पिंजारलेले, एक पायताण गायब, आणि समोर गाव पोट धरून हसतंय. "ती पाळी आमी लई भरली," कुशाबा म्हणायचा. "आता दुसऱ्यानं भरावी." म्हणून खेळाच्या सुरुवातीला मेधाताई बघ्यांना विचारायची, येडं व्हायला कोण येतंय? जो येईल त्याला स्टुलावर बसवायचं. त्यानं नाटक करायचंच नाही. आपण शहाणे आहोत एवढंच पटवून द्यायचं. पथकातली चौघं मात्र शहाण्यांची सोंगं घ्यायची. मेधाताई डॉक्टर, दयानंद शेजारी, कुशाबा तलाठी, आणि गोजराबाई भाऊ. भावाचं सोंग दुसऱ्या कुणी मागितलंच नाही. ते तिला पाठ होतं.

नेऱ्यात एक कंप्युटरवाला पोरगा स्टुलावर बसला होता, भऱ्यात खुद्द पोलीस पाटील बसले होते. शहाणं असल्याचं पटवून देणं एकालाही जमलं नव्हतं.

तर शेखर. पांढरा कडक शर्ट, गळ्यात चेन, हातात दोन मोबाईल. रिहे गावचा शेखर आता शेखरशेठ झाला होता. ह्याची जमीन त्याला दाखव, त्याची ह्याला दाखव, मधल्या मध्ये आपण गब्बर. चहाला त्यानं हात लावला नाही.

"ओढ्याकाठचं वावर द्यायचं ठरलंय," तो म्हणाला. "पुण्याची पार्टी हाय, फार्महाऊस बांधत्यात. आपल्या आबांच्या नावची जमीन, म्हून तुजी सही लागती. हक्क सोडल्याची. जीप आनलीया, चल."

"पर मी येडी हाय की," गोजराबाई म्हणाली.

"आता बरी हायेस तू."

"कवापासनं?"

शेखरला त्यात काही लपवण्यासारखं वाटलं नाही. त्यानं वकिलाचं म्हणणं सरळ सांगून टाकलं. बाई येडी असली तर तिची सही चालत नाही, कोर्टात जावं लागतं, वर्षं मोडतात. शहाणी असली तर दहा मिनिटांचं काम.

"आस्सं!" कुशाबा म्हणाला. "म्हंजी सहीपुरती शहानी!"

सगळे हसले, तुळजाबाई तर पदरात तोंड घालून हसली. गोजराबाईला मात्र हसू आलं नाही.

तिची गोष्ट फार लांबलचक नाही. लग्न झालं, लेक झाली, आणि आठव्या दिवशी पाळण्यातच गेली. गोजरा बोलायची थांबली. पहाटे उठून ओढ्यात जाऊन बसायची, पाण्यात, कमरेपर्यंत. नवऱ्यानं माहेरी आणून सोडली, माहेरच्यांनी इस्पितळात. तिथं ती दुसऱ्या वर्षी बोलायला लागली, तिसऱ्या वर्षी वॉर्डातल्या बायकांच्या वेण्या घालायला लागली. इस्पितळानं घरी निरोपावर निरोप धाडले, बाई बरी आहे, घेऊन जा. कोण येतंय? शेखरच्या पोरी लग्नाच्या व्हायच्या होत्या, आणि घरात येडी आहे म्हटल्यावर सोयरीक कोण करणार? त्यानं गावात सांगून टाकलं की ती काही सुधारत नाही. नऊ वर्षं तसंच सांगत राहिला. शेवटी तिथंच ओळख झालेल्या मेधाताईनं खटपट करून, भांडून तिला बाहेर काढली आणि ह्या परड्यात आणली.

त्या नऊ वर्षांचं तिला काय हवं होतं? पैसा नव्हे. पैसा घेऊन ती काय करणार होती? तिला एकच गोष्ट हवी होती, आणि ती काय आहे हे तिला स्वतःलाही त्याच क्षणी कळलं.

"सहीचं बगू," ती म्हणाली. मिशी सुटायला आली होती, ती तिनं बोटानं दाबली. "पर आदी माजं काम कर. चैतात जत्रा हाय. जत्रंत, मायकवर, साऱ्या गावाम्होरं सांगायचं, माजी भन गोजरा शहानी हाय. एवढंच. मंग मी शहान्या मानसावानी तुज्या कागदाचा इचार करीन."

शेखरचा चेहरा पडला. दुसरं काहीही मागितलं असतं तर त्यानं दिलं असतं. साडीचोळी, सोन्याचे मणी, खोलीला फरशी. पण हे? बहीण शहाणी म्हणायची तर गाव विचारणार, कवापासनं? आणि मग नऊ वर्षं कुणी तिथं ठेवली, का ठेवली, सगळंच उघड्यावर येणार. तो खाली बघून मोबाईलशी खेळत बसला.

"मायकवर कशापायी?" तो म्हणाला. "असं करू, तुमचा कार्यक्रमच ठिवतो जत्रंत. कुस्त्यांच्या आदी. यात्रा कमिटीचा अध्यक्षच हाय मी. गाव बघंल तुला, झालं न्हवं?"

"ते झालं. आन् मायकचं येगळं," गोजराबाई म्हणाली.

जीप गेली. त्याला वाटलं असावं, कलापथक म्हणजे टाळ वाजवून दोन गाणी म्हणतील, नारळ देऊ, ब्लाउजपीस देऊ, सही घेऊ. त्यानं खेळ कधी बघितलाच नव्हता ना! चूक झाली ती तिथं.

जत्रा जवळ आली तशी गोजराबाईची झोप उडाली. रिह्यातून तिला टेंपोत बसवून नेलं, त्यानंतर तिनं गावात पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी पारावरची पोरं टेंपोमागं ओरडत धावली होती. तीच पोरं आता बाप्ये झाली असतील आणि समोर बसतील. "न्हाई जमायचं मला," ती मेधाताईला म्हणाली. मेधाताईनं समजूत बिमजूत घातली नाही. ती एवढंच म्हणाली, "गोजराबाई, मलाही बँकेत जाऊन एकदा खेळ करायचाय. तुम्ही आधी जाऊन या, म्हणजे मला कळेल कसं असतं ते." दुसऱ्या दिवशी गोजराबाईनं फेटा धुऊन वाळत घातला.

जत्रेचा दुसरा दिवस म्हणजे कुस्त्यांचा. दुपार टळलेली, आखाड्यातल्या मातीवर पाणी मारलेलं, पैलवान अंगाला माती लावून मांड्या थोपटतायत, बाजूला गोडीशेव आणि रेवड्यांची पालं. बायका देवळाच्या बाजूच्या बांधावर दाटीनं बसलेल्या. आणि मधोमध शेखरशेठ, गुलाबी फेटा, हातात माईक. तो माईक त्यानं सकाळपासून कुणाच्या हाती दिला नव्हता. कुणाची कुस्ती केवढ्याची, कुणाकडून मानाची ढाल, सगळं ह्याच्याच तोंडून.

"तर मंडळी," तो गरजला, "कुस्त्यांच्या आदी एक समाजकार्य! मनाच्या आजारानं पिडलेल्या दुर्दैवी लोकांचा कार्यक्रम. ह्या बिचाऱ्यांना आपल्या सहानुभूतीची गरज हाय. टाळ्या वाजवून हुरूप द्यावा, ही इनंती."

दुर्दैवी! बिचारे! सगळं म्हणाला मेला, पण त्यातली एक माझी बहीण आहे, हे काही म्हणाला नाही. गोजराबाईनं फेट्याचा शेवटचा पेच करकचून आवळला. भीती असते ना, तिच्यावर रागासारखं औषध नाही.

चौघं आखाड्यात उतरली. बांधावर कुजबूज सुरू झाली. "आगं, ती गोजरा न्हवं? मिशीवाली?" "कंची? येडी गोजरा? ती जित्ती हाय व्हय?" दयानंदनं ढोलकीवर थाप मारली आणि कुजबूज दबली. मेधाताईनं नेहमीसारखं विचारलं, "आम्ही चौघं शहाणी आहोत. एक येडं कमी पडतंय. कोण येतंय?"

कोणी येईना. रिह्याची माणसं हुशार, आधी दुसऱ्याला पुढं करणार. एकानं पैलवानाला ढकललं, पैलवानानं वस्तादाला. मग मागनं कुणीतरी ओरडलं, "शेखरशेठ! शेखरशेठ!" झालं. सगळा आखाडा टाळ्यांच्या तालावर तेच ओरडायला लागला. दोन पैलवानांनी त्याला दंडाला धरून उचललाच. पंचायतीची निवडणूक तोंडावर, गावाला नाही म्हणून चालतंय होय? हसत हसत, हात जोडत शेखर स्टुलावर येऊन बसला. माईक हातातच होता.

मेधाताईनं गोजराबाईकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "बदलायचं का सोंग?"

भावाचं सोंग करायचं, आणि समोर भाऊ. गोजराबाईनं एकदा स्टुलाकडं बघितलं. पण ती म्हणाली, "न्हाई. भावाचं सोंग माजंच."

खेळ सुरू झाला. डॉक्टर झालेल्या मेधाताईनं शेखरकडं बघितलंसुद्धा नाही. ती गोजराबाईला म्हणाली, "ह्यांना कधीपासून आहे हे?"

"लई दिस झालं डाक्टर," गोजराबाईनं मिशीला पीळ भरला. "दोन दोन फोन घिऊन एकलाच बोलत बसतुया. रानात जातो आन् डोंगराकडं हात करून म्हनतो, ह्यो बी आपला, त्यो बी आपला."

आखाडा असा हसला की देवळावरची कबुतरं उडाली. शेखरही हसला. "आवो, धंदा हाय माजा त्यो! जमिनीचा—"

"धंदा आहे असं वाटतं का ह्यांना?" मेधाताईनं पुन्हा गोजराबाईलाच विचारलं.

"व्हय ना. कुनाचं ऐकतच न्हाई."

"उगाच हसतुया बगा," शेजारी झालेला दयानंद म्हणाला. "कारन न्हाई, काई न्हाई."

शेखरनं हसू आवरलं आणि गप्प झाला.

"आता बगा! एकदम घुम्यावानी. आमच्या आळीत बी असंच करतुया."

"आवो, मी काय घुम्या हाय का?" शेखर तडकला.

"चिडचिडपण आहे," मेधाताईनं मान हलवली. "डोस वाढवू."

लोक हसून हसून बेजार. शेखर उठायला गेला तर दयानंदनं त्याला खांद्याला धरून अलगद खाली बसवलं. "बसा, बसा. तुमच्याच भल्यासाठी चाललंय." शेखरनं खिशातून मोबाईल काढला, तो गोजराबाईनं हळूच काढून घेतला. "ह्यो कशाला? तितं लागत न्हाई." त्यानं मग आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, कमिटीचा अध्यक्ष आहे ते सांगितलं. कुशाबा तलाठ्याचा चष्मा नाकावर ओढून म्हणाला, "सगळीच असं सांगत्यात. परवा एक आला व्हता, त्यो तर आमदार व्हता."

इथपर्यंत रोजचाच खेळ. पुढं भावानं म्हणायचं असतं, चला, गाडी तयार आहे. गोजराबाई शेखरच्या पुढ्यात वाकली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तिच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं. ते खेळात नव्हतं. कधीच नव्हतं. तिनं कुणाला सांगितलंही नव्हतं.

"दोन दिस ऱ्हा," ती म्हणाली. "बाजरीची काढनी झाली की मी न्यायला येतो. रडायचं न्हाई."

इस्पितळाच्या फाटकात शेखरनं तिला सांगितलेले हे शब्द. जसेच्या तसे. तेव्हा तो पंचवीस-सव्वीस वर्षांचा होता, आणि रडत तोच होता. नऊ वर्षं बाजरीची काढणी झाली नाही.

शेखरचं तोंड पांढरं फटक पडलं. लोकांना वाटलं, वा, काय बेस काम करतोय! त्यांनी आणखी टाळ्या पिटल्या. पण त्याला आता खेळ वाटेना. तो घामाघूम होऊन गर्दीकडं वळला, "सांगा की रं ह्यांना! मी शहाना हाय! दामोदर, तू सांग की!" आणि त्याच्याबरोबर रोज उठबस करणारा दामोदर हसत ओरडला, "कोन ह्यो? आमी न्हाई वळखत!" गावानं पुन्हा हसून घेतलं. चारी बाजूंनी बघितलं त्यानं. एवढ्या जत्रेत त्याच्या बाजूनं बोलणारं एक माणूस नव्हतं.

मग तो गोजराबाईकडं वळला. माईक तोंडाशीच होता हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

"आक्का," तो म्हणाला. "तू तरी सांग की ह्यांना."

आक्का! किती वर्षांनी ऐकला तिनं हा शब्द. भोंग्यातून अख्ख्या रिह्यावर गेला. तिला वाटलं होतं, असं कधी झालं तर आपण हसू, नाहीतर त्याच्या तोंडावर थुंकू. तसलं काही झालं नाही. हा तिच्या कडेवर वाढलेला पोरगा होता, आणि तो घाबरला होता. त्या स्टुलावर बसल्यावर कसं वाटतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिनं मिशी ओढून काढली. अर्धी निघाली, अर्धी तशीच राहिली.

"सांगते," ती ठणठणीत आवाजात म्हणाली. "ह्यो माजा भाव शेखर. ह्याला मी खेळवलाय, न्हाऊमाखू घातलंय. ह्यो शहाना हाय. मी साक्ष देते."

तेवढ्यात कुशाबा उठला. तो काय करणार हे मेधाताईला कळेना, दयानंदलाही कळेना. म्हातारा चष्म्यावरून गोजराबाईकडं बघत म्हणाला, "बाई, तुमी कोन?"

"गोजरा."

"रिह्याची येडी गोजरा ती तुमीच का?"

गोजराबाईनं क्षणभर त्याच्याकडं बघितलं. मग तिला उमगलं. "व्हय, तीच," ती म्हणाली.

"मंग कसं जमंल?" कुशाबानं हातातली काल्पनिक दप्तरं मिटली. "येड्याची साक्ष सरकार धरत न्हाई. आदी ही बाई शहानी हाय असं कुनीतरी सांगाया पायजे. तरच हिची साक्ष धरू, तरच ह्यास्नी सोडू. न्हाईतर दोघांस्नी बी गाडीत घाला!"

कुणी हसलं नाही. बांधावरच्या बायका उभ्या राहिल्या. जुन्या माणसांना आता कळलं होतं की आखाड्यात काय चाललंय, आणि पोरासोरांना नुसतं एवढंच कळलं होतं की काहीतरी चाललंय.

शेखरला थट्टेवारी नेता आलं असतं. उठून, फेटा झटकून, "चला, कुस्त्या लावा," म्हणता आलं असतं. गोजराबाई वाट बघत राहिली. मान तिनं खाली घातली नाही.

"शहानी हाय," शेखर म्हणाला.

"कोन?" कुशाबानं विचारलं. "सरकारी काम हाय, नाव घिऊन सांगा."

शेखर उभा राहिला. "गोजरा. माजी थोरली भन गोजरा शहानी हाय."

बांधावरून एक म्हातारी ओरडली, "कवापासनं रं, शेखर?"

हाच तो प्रश्न. ज्याच्या भीतीनं त्यानं एवढी वर्षं तोंड शिवलं होतं. माईक त्यानं खाली नेला, मग परत वर आणला. "लई वर्सं झाली, मावशे," तो म्हणाला. "आमीच आनली न्हाई."

कुशाबानं मुठीनं स्टुलावर शिक्का मारला. "ठाप! दोघंबी शहानी. सोडा ह्यास्नी."

काय तो गलका झाला! शिट्ट्या, फेटे, हलगी. पैलवानांनी कुशाबाला खांद्यावर घेतला, तो वरून ओरडतोय, "आरं, चष्मा पडंल!" दयानंद ढोलकी बडवत सुटला. बायका बांधावरून उतरून आल्या, कुणी गोजराबाईचा हात धरला, कुणी तिच्या राहिलेल्या अर्ध्या मिशीला हात लावून हसली. "आगं गोजरे, तू तर बाप्यांच्या वरताण निघालीस!" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. जिथून टेंपोत घालून नेली, त्याच गावात, त्याच माणसांपुढं ती ताठ उभी होती. अभिमान म्हणतात तो असा असतो होय, तिला वाटलं. छातीत मावत नाही.

कुस्त्या लागल्या तशी चौघं देवळामागं पाराजवळ सामान बांधत होती. शेखर आला. डोळे लाल होते, पण धंदा तो धंदा. हातात कागद होता. त्याच्यामागं गावातले काही बाप्ये आणि बायकाही आल्या. आज शेखरशेठ जाईल तिथं गाव जाणारच होतं.

"बोललो मी, आक्का," तो म्हणाला. "आता कर सही."

गोजराबाईनं कागद घेतला. ती चौथी शिकलेली. एकेका शब्दाखाली बोट ठेवून, ओठ हलवत ती वाचायला लागली. शेखर ह्या पायावरून त्या पायावर झाला. "त्यात काय वाचायचं? समदे कागद सारखंच असत्यात."

"शहान्यानं वाचल्याबिगार सही करू न्हाई," ती म्हणाली, आणि परत पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. कुणी हसलं नाही. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर तिनं कागदाची नीट घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.

"न्हाई करायची."

"आगं, पर तू म्हनलीस—"

"इचार करीन म्हनले. केला. तुजा वाटा तू इक, न्हाईतर ठिव, तुजा हक्क हाय. माजा तुकडा मला पायजे. ओढ्याच्या वरल्या अंगाचा. यंदा त्यात मी भात लावनार."

"आगं, पार्टी समदं एकत्र मागतीया!" शेखरचा आवाज चढला. "एवढा सौदा हातचा घालवतीस, आगं ये—"

तो थांबला. भोवती गाव उभं होतं. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते, ती बांधावरची म्हातारीसुद्धा. शब्द जिभेवर आला होता, पण आता तो त्याला म्हणता येणार नव्हता.

गोजराबाईला घाई नव्हती. ती तशीच उभी होती. शेखरनं कागद खिशात घातला, मग काढला, मग पुन्हा घातला.

"भाताच्या आवनीला मानसं लागत्याल," शेवटी तो खाली बघत म्हणाला. "तुज्या एकलीचं काम न्हाई ते."

"मानसं हायेत माज्याकडं," गोजराबाई म्हणाली. "तू फकस्त बांध दाखव."